मंगळाचे त्रिपाद टेबलावर: विज्ञानकथेतून मिनिएचर वॉरगेम कसा घडवायचा

एखादी विज्ञानकथा वाचताना तिच्यातली लढाई डोळ्यांसमोर उभी राहते आणि वाटतं, ही आपल्याला टेबलावर खेळता आली पाहिजे. हातात छोटे सैनिक, मोजपट्टी, फासे आणि समोर मित्र. पुढे बहुतेक जण काय करतात, तर कथेतल्या शस्त्रांची आणि यंत्रांची यादी काढतात, प्रत्येकाला आकडे देतात आणि खेळायला बसतात. खेळ चालतो, पण त्यात कथा नसते. नावं बदलली की तोच खेळ पानिपतावरही चालेल आणि चंद्रावरही.

माझं ठाम मत असं आहे की कथेतून आधी उचलायचा तो निर्णय. त्या प्रसंगात माणसांसमोर (किंवा परग्रहवासीयांसमोर) कोणता पेच होता आणि चुकलं तर काय जाणार होतं, हे आधी पकडायचं. शस्त्रं त्यामागून येतात. हे कोरडं सांगून पटणार नाही, म्हणून एकच कथा घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळ बांधू या: एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’.

तिच्यात मंगळवासी तीन पायांच्या अवाढव्य युद्धयंत्रांत, म्हणजे त्रिपादांत, बसून इंग्लंडवर चालून येतात. ही निवडण्याची कारणं आहेत. कादंबरी 1897 मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि 1898 मध्ये पुस्तकरूपात. लढायांचं वर्णन इतकं नेमकं आहे, की तोफा किती होत्या, कुठे लपवल्या होत्या, कितवा गोळा कुठे फुटला, हे सगळं सापडतं. शिवाय वेल्स स्वतः या छंदाच्या पूर्वजांपैकी एक. 1913 मध्ये त्यांनी ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या सैनिकांच्या युद्धाचं नियमपुस्तक लिहिलं. त्यात फासे नाहीत. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडाचा छोटा गोळा उडवायचा आणि जो सैनिक पडेल तो मेला. पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट. तोफ चालवायची तर तिच्या सहा इंचांच्या आत आपले निदान चार सैनिक हवेत. हा शेवटचा नियम आपण पुढे उसना घेणार आहोत.

आधी हक्काचं बघा

मित्रांबरोबर घरी खेळणार असाल तर कोणी विचारायला येणार नाही. पण नियम छापून किंवा पीडीएफ करून वाटायचे असतील, तर कथेचे हक्क कोणाकडे आहेत ते पाहायलाच हवं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क चालतो. वेल्स 1946 मध्ये गेले, म्हणजे आपल्याकडे त्यांचं लेखन 2007 च्या सुरुवातीपासून मोकळं आहे. ब्रिटनमध्ये ही मुदत 70 वर्षांची, तिथे ते 2017 पासून खुलं झालं. मात्र कादंबरी मोकळी झाली म्हणून तिच्यावरून पुढे निघालेल्या चित्रपटांतल्या यंत्रांची रूपं मोकळी होत नाहीत. त्रिपादाचं रूप थेट मूळ मजकुरावरून घडवा, पडद्यावरचं उचलू नका.

मराठी कथा घ्यायची असेल तर अधिक जपून. जयंत नारळीकर 2025 मध्ये गेले, त्यांच्या कथांचे हक्क 2085 अखेरपर्यंत राहणार. तिथे वारसांची आणि प्रकाशकांची लेखी परवानगी हाच मार्ग. आणि परवानगी मागण्याआधी हेही विचारा, की त्या कथेत टेबलावर मांडण्यासारखी लढाई आहे का? आपल्याकडच्या पुष्कळ चांगल्या विज्ञानकथांमधला संघर्ष बुद्धीचा असतो, प्रयोगशाळेतला असतो. तो पत्त्यांच्या किंवा पटावरच्या खेळात जास्त खुलेल.

पेन्सिल घेऊन वाचन

कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि चार गोष्टी समासात टिपत: अंतर, वेळ, संख्या आणि ‘इथे कोणीतरी काहीतरी ठरवलं’ अशी जागा. चौथ्या खुणेवर सगळा भर.

पूर्ण युद्ध खेळायचा मोह टाळा. एकच प्रसंग निवडा, जो एका दुपारी दोन-अडीच तासांत संपेल. आपण घेऊ ती वेब्रिज आणि शेपर्टनची लढाई. थेम्स आणि वे या नद्यांच्या संगमापाशी लोकांची झुंबड उडाली आहे, पलीकडे जायला होड्या अपुऱ्या आहेत. चर्ट्सीच्या बाजूच्या सपाट कुरणांवरून चार त्रिपाद येताना दिसतात, मग तिरपा येणारा पाचवा. त्यातला एक नदी ओलांडून शेपर्टनजवळ उभा राहतो, आणि गावाच्या कडेला लपवलेल्या सहा तोफा एकदम धडाडतात. पहिला गोळा डोक्यावर फुटतो, चौथा थेट त्याच्या तोंडावर. आतला मंगळवासी ठार होतो, पण यंत्र चालतच राहतं, चर्चच्या मनोऱ्याला धडकतं आणि नदीत कोसळतं.

याच्या जोडीला त्यानंतरच्या रात्रीचं वर्णन वाचा, कारण खेळाची किल्ली तिथे आहे. रिप्लीजवळचे तोफची नवशिके स्वयंसेवक होते. त्यांनी घाईने एक बार उडवला आणि पळाले. सेंट जॉर्जेस हिलवरच्यांनी धीर धरला, कवायतीत लावाव्यात तशा तोफा लावल्या आणि सुमारे हजार यार्डांवरून मारा केला. त्यांनी एका त्रिपादाचा पाय मोडला. आणि मंगळवासी? ते शेपर्टनवरून शहाणे झाले होते. आता ते जिथे तोफा असतील असं वाटतं तिथे आधी काळ्या विषारी धुराची नळकांडी टाकत पुढे सरकत होते.

म्हणजे पेच असा. माणसांकडे एकच चांगली संधी आहे, लपून केलेला पहिला बार. तो उडवला की जागा कळते, आणि कळली की पुढच्या क्षणी उष्णकिरण, म्हणजे त्रिपादातून सुटणारा सगळं जाळणारा झोत, येतो. जितकं जवळ येऊ द्याल तितका नेम चांगला, आणि तितकीच तोफचींची धडधड जास्त. दुसऱ्या बाजूला मंगळवासीयांचा पेच: कुठे काय लपलंय ते दिसत नाही, वेगाने पुढे घुसायचं की चाचपडत? तो त्रिपाद पडल्यावर बाकीचे चौघे त्याचे अवशेष उचलून मागे फिरले. वेल्सच लिहितात, की ते तसेच पुढे गेले असते तर त्यांच्या आणि लंडनच्या मध्ये बारा पौंडी तोफांच्या बॅटऱ्यांखेरीज (म्हणजे तोफांच्या तुकड्यांखेरीज) काही नव्हतं.

हे दोन पेच एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि टेबलाशेजारी चिकटवा. पुढे सुचणारा प्रत्येक नियम या कागदाला विचारून ठेवायचा किंवा काढायचा.

मापं जमवताना

तीन मापं असतात आणि ती एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. जुळवायचा हट्ट धरलात तर खेळ टेबलावर मावणार नाही.

पहिलं माप मूर्तींचं. कादंबरीतल्या वर्तमानपत्रात त्रिपादांची उंची जवळजवळ 100 फूट सांगितली आहे, म्हणजे साधारण 30 मीटर. 1:72 च्या प्लास्टिक सैनिकांबरोबर ठेवायचा तर त्रिपाद 42 सेंटिमीटरचा होतो. दिसायला थरारक, पण पाच त्रिपाद आणि एक गाव मांडायला हॉल लागेल. 15 मिलिमीटरच्या सैनिकांबरोबर, म्हणजे साधारण 1:100 ला, 30 सेंटिमीटर. 6 मिलिमीटरच्या सैनिकांबरोबर, म्हणजे 1:300 च्या आसपास, 10 सेंटिमीटर. मी शेवटचं माप सुचवतो. 10 सेंटिमीटरचं यंत्र हातात नीट मावतं, आणि नखाएवढ्या माणसांशेजारी त्याची जरब पुरेपूर जाणवते.

दुसरं माप जमिनीचं. 1 सेंटिमीटर = 20 मीटर धरा. 180 बाय 120 सेंटिमीटरच्या टेबलावर 3.6 बाय 2.4 किलोमीटरचा मुलूख येतो. हजार यार्ड म्हणजे 46 सेंटिमीटर, टेबलाच्या लांबीचा चौथा हिस्सा. तोफेच्या पल्ल्यात विचार करायला पुरेशी जागा राहते.

तिसरं माप वेळेचं, आणि इथे कथेशी जरा झगडावं लागतं. त्याच वर्तमानपत्रात त्रिपादांचा वेग एक्स्प्रेस गाडीएवढा दिला आहे. ताशी 80 किलोमीटर धरू. एक फेरी दोन मिनिटांची मानली तर त्रिपाद एका फेरीत 133 सेंटिमीटर जाईल आणि दुसऱ्या फेरीत टेबलाबाहेर. पण मजकूर पुन्हा पाहा. लढताना ते त्या वेगाने जातच नाहीत. थांबतात, एकमेकांना भोंग्यासारखे आवाज देतात, रांग धरून सरकतात. तेव्हा दोन वेग ठेवा. सावध चाल 30 सेंटिमीटर, आणि धाव 60 सेंटिमीटर, पण धावताना उष्णकिरण नाही. आता वेग हाही एक निर्णय झाला.

माणसांकडे पायदळ मोकळ्यावर 9 सेंटिमीटर, झाडीत आणि गर्दीत 6. निर्वासित कायम 6. घोडे जुंपलेली तोफ 20, पण जुंपायला किंवा सोडायला एक अख्खी फेरी.

टेबल आणि यंत्रं

दिवाळीत किल्ला केलेल्याला इथे नव्याने फार शिकावं लागणार नाही. फक्त चिखलाऐवजी हलकं सामान घ्या, कारण हे उचलून ठेवायचं असतं. सहा बाय चार फुटांची प्लायवूडची फळी दोन तुकड्यांत कापून घ्या. टेकड्यांना थर्माकोलपेक्षा दाट फोम शीट बरं, त्याचे दाणे सुटत नाहीत. उतार कापून त्यावर फेव्हिकॉल आणि बारीक वाळू, वरून रंग. गवतासाठी लाकडाचा बारीक भुसा दोन-तीन हिरव्यांत रंगवून वाळवा आणि मिसळा. एकच हिरवा वापरलात तर जमीन गालिच्यासारखी दिसते. रस्त्यांना रांगोळीची पूड छान बसते, मातकट रंगाची घ्यायची आणि वरून पातळ फेव्हिकॉल फवारायचा.

नदी टेबलाच्या लांबीने वाहू द्या. उत्तरेला शेपर्टन आणि त्याच्या चर्चचा मनोरा, दक्षिणेला वेब्रिज, मध्ये वे येऊन मिळते. मंगळवासी पश्चिमेच्या कुरणातून येतात, लंडन पूर्वेला. घरं पुठ्ठ्याची चालतील. मनोरा मात्र वेगळा आणि पाडता येईल असा करा, तो पडल्याशिवाय हा प्रसंग पूर्ण होत नाही.

त्रिपादासाठी बांबूच्या काड्या किंवा छत्रीच्या जुन्या काड्या पायांना, डोक्याला मोठा मणी किंवा गोल झाकण, लोंबणाऱ्या हातांना तांब्याची बारीक तार. तळाला लोखंडी वॉशर चिकटवा, नाहीतर उंच यंत्र जरा धक्का लागला की आडवं होतं. निदान एक त्रिपाद असा बनवा ज्याचं डोकं काढता येतं.

रंगवताना काळ लक्षात ठेवा. खाकी गणवेश ब्रिटिश सैन्यात मायदेशी 1902 नंतर रुळला. त्यामुळे पायदळ लाल डगल्यात आणि तोफखाना गडद निळ्यात रंगवा. कादंबरीतही खोदकाम करणारे सैनिक मळक्या लाल डगल्यांत भेटतात. हिरव्या कुरणावर ते लाल ठिपके दिसले की काळ आपोआप उभा राहतो.

नियमांचा गाभा

आता तो चिकटवलेला कागद वाचा आणि लिहायला बसा. नियम दोन पानांत मावले पाहिजेत.

माणसांच्या खेळाडूला सहा बंद चकत्या द्या. त्यातल्या दोन खऱ्या बॅटऱ्या, प्रत्येकी सहा तोफांच्या, आणि चार रिकाम्या. चकत्या त्याने झाडीत, घरांमागे, टेकडीवर कुठेही पालथ्या ठेवायच्या. तिसरा मित्र पंच म्हणून मिळाला तर चकत्यांचीही गरज नाही, जागा नकाशावर लिहून पंचाकडे द्या. प्रशियातल्या 1824 च्या ‘क्रीगस्पील’ या लष्करी युद्धखेळामध्ये पंचाच्या भरवशावरच लपवाछपवी चालत असे, आणि आजही त्याहून चांगली युक्ती नाही. त्रिपाद एखाद्या चकतीच्या 10 सेंटिमीटरच्या आत आला की ती उघडते.

फेरीचा क्रम असा. आधी मंगळवासी चालतात. त्यांची चाल चालू असतानाच, कुठल्याही क्षणी, लपलेली बॅटरी ‘थांब’ म्हणून बार उडवू शकते. मग उष्णकिरण. मग माणसांची चाल आणि उघड्या पडलेल्या तोफांचा मारा. शेवटी धूर, आग आणि निर्वासित.

तो ‘थांब’ म्हणायचा हक्क हाच सगळा खेळ आहे. तो एका बॅटरीला एकदाच मिळतो.

तोफेचा नेम: प्रत्येक तोफेमागे एक सहाबाजूंचा फासा. उघड्यावरून 6 ला लागतो. लपून केलेल्या पहिल्या बाराला 5 किंवा 6. लपून, आणि लक्ष्य 25 सेंटिमीटरच्या आत असेल, तर 4, 5 किंवा 6. लागलेल्या प्रत्येक गोळ्यासाठी पुन्हा फासा टाका: 1 ते 3 गोळा जवळ फुटला पण इजा नाही, 4 किंवा 5 पाय मोडला, 6 डोक्यात.

हे आकडे कुठून आले ते सांगतो, कारण तुमच्या खेळासाठी तुम्हालाही हेच करायचं आहे. सहा तोफांच्या एका बाराने त्रिपाद पडण्याची शक्यता तीन परिस्थितींत काढून पाहा. उघड्यावरून एका तोफेची शक्यता 1/6 गुणिले 1/6, म्हणजे 1/36. सहाही चुकण्याची शक्यता 35/36 चा सहावा घात, म्हणून पडण्याची साधारण 16 टक्के. लपून दुरून 29 टक्के. लपून जवळून 41 टक्के. निदान पाय तरी मोडण्याची शक्यता याच क्रमाने 41, 67 आणि 82 टक्के. या पायऱ्या मला हव्या होत्या. थांबलं तर फायदा ठळक दिसतो, तरी खात्री कधीच नाही. 41 च्या जागी 80 आले असते तर मंगळवासी भेदरून आलेच नसते. 10 आले असते तर तोफा लपवण्यात अर्थ उरला नसता. फाशाचं गणित खेळाडूला दिसत नाही, पण त्याचे निर्णय त्यावरच बेतलेले असतात.

आता धीर. त्रिपाद लपलेल्या बॅटरीच्या 50 सेंटिमीटरच्या आत पहिल्यांदा आला की तिचा खेळाडू फासा टाकतो. सराव असलेले तोफची फक्त 1 ला कच खातात, स्वयंसेवक 1, 2 किंवा 3 ला. कच खाल्ली तर बार तिथल्या तिथे उडतो, उघड्यावरचा नेम धरून, आणि पुढच्या फेरीत माणसं तोफा टाकून पळतात. दोनपैकी एक बॅटरी स्वयंसेवकांची ठेवा, आणि कुठली ते मंगळवासी खेळाडूला सांगू नका. रिप्ली आणि सेंट जॉर्जेस हिल, दोन्ही एका नियमात आले.

उष्णकिरण, धूर आणि पाणी

उष्णकिरण म्हणजे 40 सेंटिमीटरचा दोरा, त्रिपादाच्या डोक्यापासून ताणलेला आणि 45 अंशांतून फिरवलेला. कोयत्याने गवत कापावं तसा तो फिरतो. दोऱ्याखाली उघड्यावर आलेलं सगळं 2 ते 6 ला नष्ट. घरात किंवा झाडीत 3 ते 6 ला, आणि ती जागा पेटते. मातीच्या बांधामागे मात्र फक्त 5 किंवा 6 ला. मातीला ही सवलत का, तर मंगळवासी प्रथम उतरले त्या हॉर्सेल कॉमनच्या माळावर पहिल्यांदा किरण फिरला तेव्हा वाळूच्या एका उंचवट्याने त्याचा खालचा भाग अडवला आणि म्हणून काही माणसं वाचली. असा तपशील सापडला की तो सोडू नये. एका वाक्यातून टेबलावरच्या प्रत्येक टेकडीला किंमत येते.

तोफचींवर किरण आला तर वेल्स यांचा 1913 चा नियम लावा: तोफेजवळ चार माणसं उरली नाहीत तर ती तोफ गप्प. आपल्या लहान मापात सहा इंच फार होतात, 3 सेंटिमीटर पुरे.

नदीत उतरलेली माणसं किरणापासून सुरक्षित, जोवर किरण पाण्याला लागत नाही तोवर. लागला तर 10 सेंटिमीटरच्या आतल्या सगळ्यांसाठी फासा टाका, 4 ते 6 ला गेले. कथेतला निवेदक अशाच उकळत्या पाण्यातून भाजून बाहेर येतो.

काळा धूर शेपर्टनच्या दुपारी नव्हता, तो रात्री आला. तुम्ही रात्रीचा प्रसंग खेळणार असाल तर घ्या. पिंजलेला कापूस काळ्या रंगात बुडवून, वाळवून 12 सेंटिमीटरचे गोल करा. प्रत्येक त्रिपादाला एक नळकांडं, पल्ला 60 सेंटिमीटर. हा धूर जड असतो, सखल भागात उतरतो. म्हणून प्रत्येक फेरीत कापूस उताराकडे 6 सेंटिमीटर सरकवा. टेकडीवरचे आणि मनोऱ्यावरचे वाचतात, खालचे नाही. धूर साफ करायचा तर त्रिपादाने त्यात उभं राहून वाफ सोडायची, त्या फेरीत दुसरं काही नाही. याने तोफा लपवायची उत्तम जागा एकदम बदलते: दुपारी झाडीची सखल जागा बरी, रात्री टेकडी.

आणि डोक्यात गोळा बसलेला त्रिपाद लगेच उचलू नका. तो आपल्या दिशेने सरळ 30 सेंटिमीटर चालतो, वाटेत जे येईल ते तुडवतो, मग पडतो. माझ्या मते या खेळातला सगळ्यात देखणा क्षण हाच. पाय मोडलेला त्रिपाद जागीच थांबतो. फेरीच्या शेवटी 5 किंवा 6 पडला तर दुरुस्त.

जिंकणं म्हणजे काय

इथे विज्ञानकथेवरचे बरेच खेळ घसरतात. शत्रूचे जास्त मारले तो जिंकला, एवढंच मोजलं तर या कथेत माणसांनी खेळूच नये. त्यांचं काम त्रिपाद मारण्याचं नव्हतंच. लोकांना निघायला वेळ मिळवून देणं हे त्यांचं काम होतं.

म्हणून संगमापाशी निर्वासितांच्या 12 चकत्या ठेवा. नदी पार करून उत्तर किंवा पूर्व कडेने निसटलेल्या प्रत्येक चकतीचा माणसांना 1 गुण, पाडलेल्या त्रिपादाचे 3. पूर्व कडेने बाहेर पडलेल्या प्रत्येक त्रिपादाचे मंगळवासीयांना 2 गुण. पडलेला त्रिपाद उचलायला दोन त्रिपाद लागतात, ते अर्ध्या वेगाने चालतात, आणि तो पश्चिम कडेने परत नेला तर 3 गुण. टेबलावर तसाच सोडला तर माणसांना आणखी 3. दहा फेऱ्यांत खेळ संपतो.

मंगळवासी खेळाडूचा तो जुना पेच आता आकड्यांत उतरला: सोबत्याला न्यायचं की लंडन गाठायचं? दोन्ही करण्याएवढ्या फेऱ्या सहसा उरत नाहीत.

जंतूंचं काय, असं कोणीतरी विचारेलच. कादंबरीत शेवटी मंगळवासीयांना पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव मारतात. त्यासाठी फासा ठेवू नका. खेळाडूंनी दोन-अडीच तास डोकं चालवायचं आणि शेवटी एका फाशाने सगळं उलटायचं, हे दोघांवरही अन्याय करणारं आहे. अनेक प्रसंगांची मालिका खेळणार असाल तर तो शेवट घड्याळ म्हणून ठेवा: मंगळवासीयांकडे ठरावीक दिवस आहेत, ते दोघांनाही माहीत आहेत, आणि तेवढ्यात त्यांनी काय साधलं ते मोजायचं.

तपासणी

मूर्ती रंगवण्याआधी खेळून पाहा. वर्तमानपत्रावर स्केचपेनने नदी, त्रिपादांच्या जागी बाटलीची झाकणं, तोफांना चणे. रंगवलेल्या यंत्रांवर जीव जडतो, आणि मग ज्या नियमाला ती लागतात तो वाईट असला तरी टाकवत नाही.

एका वेळी एकच आकडा बदला आणि का बदलला ते तारखेसह लिहून ठेवा. खेळ चालू असताना कोण जिंकतंय यापेक्षा खेळाडू कुठे थांबून विचार करतो ते पाहा. तो ‘थांब’ म्हणायच्या आधी श्वास रोखत असेल, तर गाभा बसला. एखाद्या नियमापाशी तो विचार न करता नेहमी एकच गोष्ट करत असेल, तर तो नियम निर्णय देत नाही, काढून टाका. माझ्या अनुभवात सगळ्यात आधी जातात ते घोडदळाचे आणि संगिनींचे खास नियम. त्रिपादासमोर दोन्हींचा उपयोग शून्य, आणि कथेतही तसंच आहे.

शेवटी नियमांची दोन पानं अशा दोघांना द्या, ज्यांनी तुमच्याकडून काही ऐकलेलं नाही. तुम्ही खोलीत बसा, पण तोंड उघडू नका. ते जिथे अडतील तिथे तुमचं वाक्य अपुरं आहे.

दुसरा प्रसंग

एक प्रसंग बसला की लगेच त्याच नियमांवर दुसरा रचा. गाभा खरा की योगायोगाने जमला, हे तेव्हाच कळतं. या कादंबरीत त्यासाठी ‘थंडर चाइल्ड’ या जहाजाचा प्रसंग आहे: एसेक्सच्या किनाऱ्यापाशी निर्वासितांनी भरलेल्या बोटींमागे तीन त्रिपाद समुद्रात उतरतात आणि ती टॉर्पेडो रॅम, म्हणजे धडक देऊन जहाजं बुडवणारी युद्धनौका, त्यांच्यावर चालून जाते. असं जहाज ब्रिटिश आरमारात खरोखर होतं, 1881 मध्ये पाण्यात उतरवलेलं ‘पॉलिफेमस’. कथेतलं जहाज एकही तोफ न डागता पूर्ण वेगाने सुटतं. ते काय आहे हेच मंगळवासीयांना उमगत नाही, आणि म्हणून ते इतकं जवळ पोचतं. बुडण्याआधी दोन त्रिपाद घेऊन जातं.

म्हणजे इथेही बार राखून ठेवण्याचीच कथा. नियम एवढाच वाढवा: जहाजाने तोफ डागली नसेल, तर प्रत्येक त्रिपादाने त्याच्यावर किरण सोडण्याआधी फासा टाकायचा, पहिल्या फेरीत 6 लागेल, दुसऱ्या फेरीत 5, मग 4. जहाजाची चाल 25 सेंटिमीटर, धडक बसली तर 3 ते 6 ला त्रिपाद आडवा. किरण लागलेलं जहाज लगेच थांबत नाही, एक फेरी त्याच दिशेने पुढे जातं आणि तेव्हाही धडक देऊ शकतं. टेबलावर निळी चादर, एका कडेला निर्वासितांच्या सहा बोटी, दुसऱ्या कडेला गुडघाभर पाण्यात तीन यंत्रं. समुद्राची खोली दाखवायला त्रिपादाचे पाय काढता येतील असे केले असतील, तर मांडणीला पाच मिनिटंही लागणार नाहीत.